मायफळ हे फळ कोणाचे?

बाळगुटीसाठी सहाणेवर उगाळायच्या जिनसांची यादी घरोघर थोडी निराळी असते. कुणाकडे डिकेमाली असते, कुणाकडे नसते. खारीक-बदाम कुणी आधी घालतात, कुणी मागाहून. पण जायफळ आणि मायफळ ही जोडी सहसा चुकत नाही. नावांत यमक असल्यामुळे ती दोन्ही एकदमच तोंडी येतात आणि एकाच वळणाच्या वस्तू असाव्यात असा समज होतो. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला मात्र ही जोडी अडचणीत टाकते. जायफळ हे फळ नव्हे, ती फळाच्या आतली बी आहे. मायफळ तर फळही नाही आणि बीही नाही. ते ज्या झाडावर येते त्या झाडाच्या ते काडीच्याही कामाचे नसते. गांधीलमाशीच्या गोतावळ्यातल्या एका बारीक कीटकाचे ते घर आहे. बांधले झाडाने, राहिला कीटक.

मी हा विषय वर्गात आणि वर्गाबाहेरही अनेकदा समजावला आहे, आणि दर वेळी पहिला प्रश्न तोच येतो: मग त्याला फळ म्हणायची चूक आपल्या पूर्वजांनी का केली? माझे उत्तर असे की ती चूक म्हणण्याइतकी सोपी गोष्ट नाही. फळासारखे दिसणे, फळासारखे वागणे हा त्या घराचा गुणच आहे. माणसांची गोष्ट सोडा, मुंग्यांचीही तीच गत होते, हे अलीकडे अमेरिकेत एका फारशा कुणी न अभ्यासलेल्या कीटकावर झालेल्या कामातून दिसले. त्या मुंग्यांकडे जाण्याआधी मायफळाचे मूळ पाहिले पाहिजे.

मायफळ ओकच्या झाडावर येते. ओक हे झाड मराठी मुलखात नाही. भारतात ते हिमालयात आहे. कुमाऊँ-गढवालकडे त्याच्या एका जातीला बांज म्हणतात आणि तिथल्या गावांचे सरपण, चारा, पाणी यांच्याशी त्याचे जुने नाते आहे. पण आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारे मायफळ हिमालयातले नव्हे. ते तुर्कस्तान, सीरिया, इराण या पट्ट्यातल्या क्वेर्कस इन्फेक्टोरिया नावाच्या ठेंगण्या ओकचे. युरोपच्या व्यापारात ते सीरियातल्या अलेप्पो शहराच्या नावाने ओळखले जाई. फारसीत त्याला माझू म्हणतात, हिंदीत माजूफल, संस्कृत वैद्यकात मायाफल. दूर देशातून वाळून, टणक होऊन आलेली ही गोल वस्तू आपल्या माणसांनी झाडावर कधी पाहिलीच नव्हती. हातात पडली ती बोराएवढी, अंगावर बारीक उंचवटे असलेली गोळी. तिला फळ म्हणणार नाही तर काय म्हणणार?

दुकानातली मूठभर मायफळे ताटात ओतून पाहिली की त्यांच्यात दोन प्रकार दिसतात. काहींच्या अंगाला एकच स्वच्छ गोल भोक असते, सुईने नव्हे, जाड दाभणाने पाडावे तसे. ती वजनाला हलकी आणि रंगाने फिकी असतात. काहींना भोक नसते. ती जड आणि निळसर-काळपट असतात. भोक असलेल्यातून रहिवासी बाहेर पडून गेला आहे. भोक नसलेल्यात तो आतच राहिला. जुन्या व्यापारात भोक नसलेल्या, निळसर मायफळांना जास्त भाव होता, कारण कीटक बाहेर पडण्याआधी तोडलेल्या गाठीत तुरट द्रव्याचा अंश अधिक असतो.

हे घर उभे कसे राहते ते सांगतो. सिनिपिडे नावाचे कीटकांचे एक कुळ आहे. त्याच्या सुमारे १,४०० जाती ज्ञात आहेत आणि त्यांतल्या सुमारे १,००० एकट्या ओकच्या गोतावर जगतात. गांधीलमाशीचे हे आप्त पण आकाराने काही मिलिमीटरचे, आणि माणसाला डंख न करणारे. मादी आपल्या सुईसारख्या अंगाने झाडाच्या कोवळ्या भागात अंडे घालते: कुणी कळीत, कुणी पानाच्या शिरेत, कुणी डहाळीत. अंड्यातून अळी निघते. तिच्या स्रावांमुळे आसपासच्या पेशींची वाढ आपला नेहमीचा मार्ग सोडून भलतीकडे वळते. पान पान होण्याचे थांबते आणि त्या जागी एक गाठ वाढू लागते. अळी मधेच मेली तर गाठीची वाढही थांबते. म्हणजे एकदा धक्का दिला आणि गाडा चालू लागला असे हे काम नाही; आतली अळी झाडाकडून काम सतत करवून घेत असते.

कुंभारीण आपल्या पिलांसाठी चिखलाची घरे बांधते, हे आपण भिंतींवर पाहतो. माती आणणे, भिजवणे, लिंपणे हे सारे तिचे कष्ट. ओकवरचा हा कीटक एक कणही वाहून आणत नाही. माती झाडाची, मजुरी झाडाची, रोजचे जेवणही झाडाचे. गाठीच्या आत मधोमध एक कप्पा असतो आणि त्याला आतून प्रथिने आणि मेद यांनी भरलेल्या मऊ पेशींचे अस्तर असते. अळी तेच खाते. बाहेरच्या थरांत मात्र टॅनिन ठासून भरलेले, म्हणजे दुसऱ्या कुणी तोंड लावले तर ते तुरट लागावे. मायफळाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग या टॅनिनचा असू शकतो. आपण ज्या गुणासाठी ते औषधात घेतो तो गुण मुळात त्या अळीच्या कोटाची तटबंदी आहे. आणखी एक गंमत विद्यार्थ्यांना फार आवडते: कप्पा बंद असल्याने अळी वाढत असताना विष्ठा करतच नाही. तिची आतडी शेवटपर्यंत बंद असतात आणि कोष करण्याच्या वेळी एकदाच मोकळी होतात. घर स्वच्छ राहते.

एकाच ओकच्या एकाच पानावर चार जातींनी अंडी घातली तर चार तऱ्हेच्या गाठी येतात. एक बटणासारखी चपटी, एक मण्यासारखी लाल, एक लोकरीच्या गोळ्यासारखी, एक काटेरी. झाड तेच, पान तेच. म्हणजे आकाराचा आराखडा झाडाचा नसून कीटकाचा आहे. अभ्यासक म्हणूनच कीटक न पाहता नुसत्या गाठीवरून त्याची जात सांगू शकतात. रिचर्ड डॉकिन्स यांनी १९८२ साली असे मांडले की जनुकांचा हात शरीराच्या कातडीपाशी थांबत नाही, तो बाहेरच्या वस्तूंपर्यंत पोचतो. ओकच्या पानावरची गाठ हे त्याचे फार चांगले उदाहरण आहे.

या गाठींनी मोठमोठ्यांना फसवले आहे. सडलेल्या मांसात अळ्या आपोआप होत नाहीत, माश्या अंडी घालतात म्हणून होतात, हे बरण्यांच्या प्रयोगाने दाखवणारे फ्रांचेस्को रेदी शाळेच्या पुस्तकात भेटतात. त्यांचा ग्रंथ १६६८ चा. पण त्याच रेदींनी ओकच्या गाठींतल्या किड्यांपुढे हात टेकले. गाठ बाहेरून अखंड, भोक नाही, फट नाही, आणि आत जिवंत अळी. त्यांना वाटले की फळे आणि फुले निर्माण करणारी झाडाची जीवनशक्तीच हे किडेही निर्माण करत असावी. माश्यांच्या बाबतीत ज्यांनी जुनी समजूत मोडली, त्यांनीच गाठींच्या बाबतीत ती दुसऱ्या रूपात जवळ केली. पुढे १६७९ मध्ये मार्चेल्लो मालपिगी यांनी वनस्पतींच्या शरीररचनेवरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात गाठींवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि गाठ कीटकाने घातलेल्या अंड्यामुळे होते हे सांगितले. ओकच्या कळीत अंडे घालत असलेला कीटक त्यांनी स्वतः पाहिला होता. केशवाहिन्या शोधणारे मालपिगी ते हेच. पाठ्यपुस्तकात रेदींची बरणी असते तिथेच त्यांची ही दुसरी बाजूही यावी असे मला वाटते. एका अर्ध्या वाक्याचे काम आहे.

दुसरे कोडे दोनशे वर्षे टिकले. युरोपातल्या ओकच्या पानांच्या खालच्या बाजूला शरदात बारीक, चपट्या, टिकल्यांसारख्या गाठी येतात. त्यांचा कीटक न्यूरोटेरस क्वेर्कस-बॅकारम. टिकल्या पानावरून सुटून जमिनीवर पडतात आणि हिवाळा पाचोळ्याखाली काढतात. वसंतात त्यांतून निघतात त्या साऱ्या माद्या. नर एकही नाही. या माद्या नराशिवायच ओकच्या फुलोऱ्यात आणि कोवळ्या पानांत अंडी घालतात. तिथे येणाऱ्या गाठी टिकल्यांसारख्या नसतात. त्या हिरव्या-लाल, रसाळ, द्राक्षाच्या लहान मण्यांसारख्या. जूनच्या सुमारास त्यांतून नर आणि मादी दोन्ही निघतात, त्यांचे मीलन होते, आणि मादी पानात अंडी घालते तेव्हा पुन्हा टिकल्या. आई मुलीसारखी नाही, आजी मात्र नातीसारखी. दोन पिढ्यांचे कीटक आणि घरे इतकी वेगळी की शास्त्रज्ञांनी त्यांना निराळ्या जाती मानून निराळी नावे दिली होती. श्लेस्विगचे एक डॉक्टर, हेर्मान आड्लर, यांनी लहान ओकवर हे कीटक पाळून एका पिढीमागून दुसरी पिढी निघताना पाहिली आणि १८७७ ते १८८१ या काळात ते प्रसिद्ध केले. एकाच जिवाला दोन नावे पडल्याचा हा घोळ अनेक जातींबाबत अजूनही निस्तरला जात आहे.

घर चांगले असले की पाहुणे येतात. दुसऱ्याच्या गाठीत अंडी घालून त्याच अस्तरावर जगणाऱ्या जाती याच कुळात आहेत. त्यांच्यासाठी आपल्याकडे आयती म्हण आहे, आयत्या बिळावर नागोबा. त्यांच्यापलीकडे अळीलाच खाणारे परजीवी. अमेरिकेच्या दक्षिण भागात ओकच्या डहाळीत राहणाऱ्या बॅसेटिया पॅलिडा या कीटकावर असा एक परजीवी आहे. २०१७ मध्ये त्याचे वर्णन झाले आणि इजिप्तच्या सेट या देवावरून त्याचे नाव युडेरस सेट ठेवले गेले. त्याने ग्रासलेला कीटक बाहेर पडण्यासाठी भोक पाडतो खरा, पण ते नेहमीपेक्षा लहान पाडतो आणि त्यातच त्याचे डोके अडकते. परजीवी आत बसून त्याला खातो आणि शेवटी त्याच्या डोक्यातून वाट काढून बाहेर येतो. हे मी लहान मुलांना सांगत नाही.

लेखकांच्या दृष्टीने या गाठींचा मोठा पराक्रम म्हणजे शाई. मायफळाचा काढा, हिराकस म्हणजे लोहाचे सल्फेट, आणि डिंक: एवढ्यातून काळी शाई होते. कागदावर उतरताना ती फिकी असते. हवेशी संयोग होऊन काळी पडते आणि कागदाच्या तंतूंत इतकी मुरते की खरवडल्याशिवाय निघत नाही. मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपचे बहुतेक लेखन या शाईत झाले. लिओनार्दोच्या वह्या याच शाईतल्या, बाखची संगीत-हस्तलिखितेही याच. त्या शाईतले आम्ल हळूहळू कागद खाते, म्हणून बाखच्या पानांवर स्वरांच्या जागी भोके पडू लागली आणि बर्लिनच्या ग्रंथालयाला ती वाचवण्याचे मोठे काम हाती घ्यावे लागले. ब्रिटनमध्ये जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदींसाठी या प्रकारची शाई अलीकडेपर्यंत वापरात होती. आपल्याकडचे पारंपरिक लेखन बहुतांशी काजळीच्या शाईचे. ती कागद खात नाही, मात्र पाण्याने उतरते. गॅलिक आम्लाचे नावही या गाठींवरूनच आले. कार्ल विल्हेल्म शेले यांनी ते १७८६ मध्ये वेगळे केले. रसायनाच्या वर्गात ते आम्ल म्हणून येते आणि घरात मायफळ म्हणून, पण दोघांची गाठ घालून देणारे फार थोडे.

आता त्या मुंग्या. अमेरिकेच्या पूर्व भागात लाल ओकच्या पानांवर कोक्कोसिनिप्स डेसिडुआ नावाचा कीटक गाठी करतो. डेसिडुआ म्हणजे गळून पडणारी. गाठी पानाच्या मधल्या शिरेलगत झुबक्याने येतात, छऱ्याएवढ्या असतात आणि पिकल्यावर पानापासून सुटून खाली पडतात. प्रत्येक गाठीच्या टोकाला फिकट गुलाबीसर, मांसल टोपी असते. ही जात कीटकशास्त्रज्ञांच्या कपाटांत अनेक दशके पडून होती. ती टोपी कशासाठी, असा प्रश्न कुणी जोराने विचारला नव्हता. असे होण्याचे कारण उघड आहे. या क्षेत्रात माणसे कमी आणि जाती फार. आल्फ्रेड किन्से यांनी तरुणपणी अमेरिका आणि मेक्सिको पालथे घालून या कुळाचे लाखो नमुने गोळा केले आणि १९३० मध्ये त्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. नंतर ते माणसांच्या लैंगिक वर्तनाकडे वळले आणि जग त्यांना त्याच कामासाठी ओळखते. त्यांचा संग्रह न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे. गाठींचे क्षेत्र पुन्हा मोजक्या लोकांच्या हाती राहिले.

पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात कीटकशास्त्राचे प्राध्यापक असलेले अँड्र्यू डीन्स हे त्या मोजक्यांपैकी. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाला घराच्या परसात एका ओंडक्याखाली, मुंग्यांच्या वारुळाजवळ, बारीक गोळ्या सापडल्या. त्याला त्या बिया वाटल्या. वडिलांनी पाहताक्षणी ओळखले की या ओकच्या गाठी आहेत. पण मुंग्यांनी त्या तिथे का आणाव्यात? मुलाचा गैरसमज आणि मुंग्यांचा व्यवहार एकाच दिशेने बोट दाखवत होते.

इथे एक गोष्ट माहीत असायला हवी. जगात ११,००० हून अधिक सपुष्प वनस्पतींच्या बिया मुंग्या वाहून नेतात. अशा बीच्या टोकाला एक तेलकट तुकडा चिकटलेला असतो. मुंगी तो तुकडा पिलांसाठी म्हणून बीसकट वारुळात ओढून नेते, तुकडा खाल्ला जातो, बी तशीच टाकली जाते आणि तिथे रुजते. आपल्याकडचे उत्तम उदाहरण एरंडाचे आहे. एरंडाच्या चकचकीत, चट्टेरी बीच्या टोकाला जो पांढरट मऊ गोंडा असतो तो हाच. पक्ष्यांसाठी असलेली अशीच लालूच पाहायची तर जायफळ पाहावे: बीभोवती लपेटलेली लालभडक जायपत्री पक्ष्यांना बोलावते, आणि ते बी दूर नेऊन टाकतात. दोन्हीकडे व्यवहार एकच, हमालाला मजुरी आधी बांधून दिलेली.

डीन्स, मुंग्यांकडून होणाऱ्या बीजप्रसाराचे अभ्यासक रॉबर्ट वॉरन आणि त्यांचे सहकारी यांनी ओकच्या गाठी आणि ब्लडरूट नावाच्या रानफुलाच्या बिया शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. ब्लडरूट हे मुंग्यांनी पसरवल्या जाणाऱ्या वनस्पतींचे तिकडचे पुस्तकी उदाहरण. मुंग्यांनी दोन्ही सारख्याच वेगाने उचलल्या. मग प्रयोगशाळेत काही गाठी अखंड ठेवल्या, काहींच्या टोप्या काढून घेतल्या, आणि नुसत्या टोप्याही वेगळ्या ठेवल्या. टोपी नसलेल्या गाठींकडे मुंग्या ढुंकून बघेनात. अखंड गाठ आणि नुसती टोपी यांच्यात मात्र त्यांनी भेद केला नाही. वारुळात नेल्यावर टोपी खाल्ली गेली आणि गाठ न फोडता सोडून दिली गेली. टोपीची रासायनिक तपासणी केली तेव्हा तिच्यात बियांच्या तेलकट तुकड्यात असतात तशीच मेदाम्ले निघाली. हीच मेदाम्ले मेलेल्या कीटकांच्या शरीरातही असतात, आणि मेलेले कीटक हा मुंग्यांचा रोजचा आहार. मुंगीला जे उचलावेसे वाटते त्याचा वास ओकच्या पानावर तयार होतो, तेही एका अळीच्या हुकमाने. या टोपीला त्यांनी ग्रीक भाषेतल्या टोपीवरून कापेल्लो हे नाव दिले. हे काम २०२२ मध्ये द अमेरिकन नॅचरलिस्ट या नियतकालिकात आले.

यात गाठीतल्या अळीचा फायदा कोणता असावा? जमिनीवर पाचोळ्यात पडलेली गाठ उंदीर, पक्षी आणि बुरशी यांच्या तावडीत सापडते. वारूळ ही पहाऱ्याची जागा आहे, आणि मुंग्यांच्या अंगच्या स्रावांमुळे तिथे बुरशीला अटकाव होतो. हे संशोधकांचे अनुमान आहे आणि मला ते पटण्यासारखे वाटते. ओकवरच्या दुसऱ्या काही गाठी बाहेरून गोड रस पाझरतात आणि मुंग्यांना झाडावरच राखणीला बसवतात, हे आधीपासून ठाऊक होते. इथे राखणदार गाठीपाशी येत नाही, गाठच राखणदाराच्या घरी जाते.

म्हणजे झाडाने फुलावर आणि फळावर जी युक्ती वापरली तीच पानाकडून करवून घेतली गेली आहे. पानाला बी नाही, तरी पानावर बीसारखी वस्तू झाली, तिला हमालाची मजुरीही लावून मिळाली. शास्त्रज्ञाच्या मुलाने तिला बी म्हटले, मुंग्यांनी बी म्हणून नेले आणि हजारो कोस दूर आपण तिच्या बहिणीला फळ म्हटले. फळ कशाला म्हणायचे, जिथून ते आले त्यावरून की ते जे करते त्यावरून? वनस्पतिशास्त्राचा नियम पहिला आहे: फुलाच्या अंडाशयापासून होते ते फळ. बोलीचा नियम बहुधा दुसरा असतो. म्हणून मायफळ हे नाव बदलावे असे मी मुळीच म्हणणार नाही. त्याची नोंद करताना मात्र ओकच्या झाडावर कीटकामुळे येणारी गाठ, एवढे कोशात आणि पुस्तकात असले पाहिजे. नुसते 'एक औषधी फळ' म्हणून भागत नाही.

पण गाठ हा शब्द पुरतो का? वरती मी सगळीकडे तोच वापरला आहे आणि तो मला खटकत राहिला आहे. गाठ दोरीला असते, अंगावर येते, लाकडात असते, पडते आणि सुटतेही. त्यातून कीटक, वनस्पती आणि घर हा संबंध निघत नाही. विज्ञानाच्या मराठी लेखनात मग सरळ 'गॉल' लिहिले जाते. तो शब्द वाईट नाही, पण मराठीत याच अर्थाचा शब्द शेतात पिकतो आहे. भाताला लागणाऱ्या एका किडीला कोकणात, गोव्याकडे आणि विदर्भाच्या भातपट्ट्यात कृषी पत्रकांतून गादमाशी म्हणतात. तिच्या अळीमुळे भाताच्या पोंग्याची कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी होते, तिला चंदेरी पोंगा म्हणतात, आणि त्या फुटव्याला लोंबी येत नाही. ओकवर जे घडते तेच इथे घडते: अळीच्या स्रावाने वाढ भलत्या वाटेला लागते. ही गाद शेतकऱ्याच्या तोंडी आहे, त्याच्या नुकसानीशी जोडलेली आहे, अर्थाने नेमकी आहे. ओकच्या पानावरची गाद, सातविणीच्या पानावरची गाद असे म्हणून पाहा. कानाला अडत नाही.

मात्र कीटकाला गादमाशी म्हणता येणार नाही, कारण भातावरची ती खरोखरची माशी आहे, दोन पंखांची. ओकवरचा कीटक चार पंखांचा, गांधीलमाशीच्या गणातला. मराठीने मधमाशी, गांधीलमाशी अशी सगळ्यांनाच माशी करून ठेवली आहे, त्यामुळे घोळ होतो. मी वर्गात गादगांधील असा शब्द वापरतो. यापेक्षा चांगला कुणी सुचवला तर मी माझा सोडायला तयार आहे.

बाळगुटीच्या यादीत आणखी एक गाद आहे. काकडशिंगी. शिंगासारखी वाकडी, पोकळ, तपकिरी रंगाची ही वस्तू शेंग असावी असे वाटते, पण हिमालयातल्या पिस्त्याच्या गोतातल्या एका झाडाच्या पानांवर मावा किडीमुळे ती येते. म्हणजे एकाच सहाणेवर दोन कीटकांची घरे उगाळली जातात.

ओक नसला तरी शिक्षकांना दाखवायला गादी जवळच आहेत. इंदूर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव, पणजी यांपैकी कुठल्याही शहरात रस्त्याकडेला सातवीण लावलेली असते आणि तिच्या पानांवर फुटकुळ्यांसारख्या गादी असतात. त्या एका उडणाऱ्या बारीक रसशोषक किडीच्या. करंजाच्या पानांवरच्या, उभ्या दाण्यांसारख्या गादी कोळ्यांच्या जवळच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांच्या आहेत, त्यांना कोळीकीड म्हणतात. सातविणीचे एक पान तोडून, ब्लेडने गाद मधोमध आडवी कापून भिंगाखाली धरली की कप्पा दिसतो, आणि वेळ बरी असेल तर रहिवासीही. पान जून आणि गाद फुटलेली असेल तर तो निघून गेलेला असतो. कोवळ्या पानावरची न फुटलेली गाद निवडावी.